बोंब मारा, बरं वाटेल

‘टेन्शन घेऊ नका’ हा महाराष्ट्रात सर्वांत जास्त दिला जाणारा फुकट सल्ला. देणारा तो उभ्याउभ्या देतो, बहुधा निघता निघता देतो आणि देऊन झाला की त्याला स्वतःला फार बरं वाटतं. पंक्तीत वाढपी आग्रहाने टेन्शन वाढतोय आणि आपण पानावर हात आडवा धरायला विसरलो, अशी या मंडळींची कल्पना असते. डॉक्टरही दंडाला पट्टा आवळून, नजर आकड्यांवर ठेवून हेच म्हणतात. डॉक्टर समोर दिसल्यामुळेच ज्यांचा रक्तदाब वाढतो अशा पेशंटांची वैद्यकशास्त्रात रीतसर नोंद आहे आणि त्याचं खापर डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर फोडलेलं आहे. त्या कोटातून ‘रिलॅक्स व्हा, पुन्हा बघू’ असा आवाज आला की पेशंट जिवाच्या आकांताने रिलॅक्स व्हायला लागतो. मुठी आवळून, दातांवर दात घट्ट धरून.

सल्ल्याच्या पुढची पायरी उपायांची. ‘फुकट, घरच्या घरी, नैसर्गिक’ हे तीन शब्द एका ओळीत दिसले की मराठी माणूस थांबून वाचतो. पहाटे साडेचारला उठा. कोमट पाणी घोट घोट प्या. गवतावर अनवाणी चाला. (कुठल्या गवतावर, हेही सांगा. आमच्या सोसायटीतलं गवत कुत्र्यांच्या नावावर आहे.) मोबाईल बाजूला ठेवा, हे मोबाईलवर येतं. आणि या सगळ्यांच्या मुळाशी आज्ञा एकच: गप्प बसा. डोळे मिटा, ओठ मिटा, विचार थांबवा. माझी तक्रार आहे ती इथे. गप्प बसल्याने तणाव जातो हे ज्यांनी शोधून काढलं, त्यांनी मराठी घर आतून पाहिलेलं नसावं.

तणाव जुनाच, पण त्याला शास्त्राच्या दरबारात मान मिळाला तो १९३६ साली, उंदरांमुळे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचे संशोधक उंदरांना इंजेक्शनं देत होते. औषध कुठलंही टोचा, उंदरांच्या जठरात व्रण ठरलेले. पुढे तणावाचे अभ्यासक रॉबर्ट सापोल्स्की यांनी आपल्या पुस्तकात यामागची गंमत सांगितली आहे. सेल्येंचा हात या कामात बसलेला नव्हता. टोचताना उंदीर हातून निसटायचे, मग अर्धी सकाळ झाडू घेऊन त्यांच्या मागे धावायचं, सिंकच्या मागून त्यांना हुसकून काढायचं. ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं त्यांनाही व्रण निघाले, तेव्हा सेल्येंच्या डोक्यात प्रकाश पडला. दोष औषधाचा नव्हता. रोज सकाळी कोणीतरी झाडू घेऊन मागे लागतं, याचा होता. ही गोष्ट वाचल्यापासून मला त्या उंदरांविषयी आपुलकी वाटते. नोकरी केलेल्या कोणालाही वाटेल. त्यातल्या त्यात त्यांचं नशीब हे, की त्यांना ‘पॉझिटिव्ह राहा’ असं कोणी सांगितलं नाही.

संकट दिसलं की शरीर दोनच गोष्टींची तयारी करतं, असं त्याही आधी वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं: लढा, नाहीतर पळा. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, पचन थांबतं. जंगलात ही व्यवस्था उत्तम. सोसायटीच्या वार्षिक सभेत तिचा उपयोग नाही. तिथे लढता येत नाही, कारण खुर्च्या भाड्याच्या असतात. आणि पळता येत नाही, कारण शेवटी वडे असतात. मग तयार झालेलं सगळं बळ आतच राहतं. ते बाहेर काढायला निसर्गाने एक दार फुकट दिलेलं आहे, तोंड. नेमकं तेच बंद करायला सांगतात.

बंद करून पाहावं, तर घर ते करू देत नाही. कानात यंत्रातल्या बाईंचा मऊ आवाज सांगत असतो, ‘आता तुम्ही एका निवांत समुद्रकिनारी आहात,’ आणि आतून विचारणा होते, ‘गॅस तू बंद केलास का मी?’ कुकरची तिसरी शिट्टी की चौथी, यावर समाधी मोडते. खालून भंगारवाला ओरडतो. वरचे लोक त्याच घटकेला भिंतीला भोक पाडायला घेतात. आमच्या वर राहणाऱ्यांनी आतापर्यंत पाडलेली भोकं पाहता ती भिंत अजून उभी कशी, हाही ध्यानाला बसल्यावरच सुचणारा विचार आहे. वीस मिनिटांनी माणूस उठतो तो घरातल्या सगळ्यांवर चिडलेला. सगळ्यांमुळे आपली शांती गेली, ही नवी तक्रार त्याच्या यादीत चढलेली असते.

आमच्या आजीला ध्यान माहीत नव्हतं. ती बसताना म्हणायची, ‘अगं आई आई गं…’ आणि उठताना म्हणायची, ‘विठ्ठला, पांडुरंगा…’ यातल्या टिंबांच्या जागी श्वास असे, लांबच लांब, तोंडाने सोडलेला. २०२३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं उसासे टाकायला लावले. पद्धत अशी: नाकाने श्वास घ्यायचा, भरत आला की त्यावर आणखी एक छोटा घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश सोडून द्यायचा. डोळे मिटून नुसतं श्वासाकडे बघत बसणाऱ्यांपेक्षा या उसासे टाकणाऱ्यांचं मन जास्त प्रसन्न झालं. कारणही साधं आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरासे मंदावतात. सोडणं लांबवलं की त्यांना जास्त वेळ मंदावायला मिळतं. आजीचा हा अभ्यास पाच मिनिटांचा नव्हता, अखंड होता. तिच्या पिढीत तर पाट, पलंग, पायरी, कुठेही बसताना पांडुरंग बोलावला जाई, आणि तो यायचाही.

फक्त एक अडचण स्टॅनफर्डवाल्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. चारचौघांच्या घरात उसासा हा श्वास नसतो, ते मत असतं. ‘काय झालं एवढा सुस्कारा सोडायला?’ ‘काही नाही.’ ‘नाही कसं? मी भाजीचं म्हटलं म्हणून ना?’ इथून पुढे रात्रीपर्यंत दोघांचे ठोके वाढते राहतात. आजीला उसासा टाकण्याचा परवाना वयाने मिळालेला होता. बाकीच्यांनी तो जिन्यात जाऊन टाकावा.

टेकडीवर जाऊन टाकला तरी चालेल. जपानच्या वनखात्याने १९८२ साली लोकांना रानात जाऊन नुसतं फिरून यायला सांगितलं आणि त्या फिरण्याला वनस्नान असं सुरेख नाव दिलं. झाडं बघायची, वास घ्यायचा, पानांची सळसळ ऐकायची. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पानं सळसळतात, पण ती ऐकू येतील अशी आशा धरू नये. चौघांच्या रांगेत चाललेल्या निवृत्त मंडळींचा विषय गुडघ्यांवरून मुलाच्या व्हिसावर आणि व्हिसावरून मेट्रोच्या खांबांवर गेलेला असतो, आणि प्रत्येकाच्या खिशात एक भजन, एक गझल आणि एक प्रवचन मोठ्याने चालू असतं. तुकोबा एकांतासाठी भामचंद्रावर आणि भंडाऱ्यावर जाऊन बसत. तिथे ‘तुमच्या किती स्टेप्स झाल्या?’ असं विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून गाथा झाली. पण खरं सांगायचं तर टेकडीवरून उतरणारे ते चौघे चढताना होते त्यापेक्षा हलके झालेले असतात. खाली उतरून ते दुधी भोपळ्याचा रस पितात आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन मिसळ खातात. झाडांनी काय ऐकलं ते झाडांपाशी राहतं.

हास्यक्लबाची जन्मकथा मला याहूनही आवडते. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन तो सुरू केला. पहिले काही दिवस पद्धत सरळ होती: एकाने विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. दोन आठवड्यांत विनोद संपले. म्हणजे चांगले संपले, उरलेले उरले. आणि उरलेल्यांवर काही सभासद नाराज व्हायला लागले. चारचौघांत विनोद सांगणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात हा पंधरावा दिवस येतो, पण तो मान्य करून धोरण बदलणारे कटारिया विरळा. त्यांनी विनोदच काढून टाकला आणि हसणं तेवढं ठेवलं. शरीराला खरं हसू आणि आणलेलं हसू यांत फरक कळत नाही, हा त्यामागचा सिद्धान्त. मराठी प्रेक्षकांसमोर सूत्रसंचालन केलेल्यांना तो मनोमन पटावा.

आता गल्लोगल्ली सकाळी हात वर करून ‘हो हो, हा हा’ चालतं. जवळून पाहिलं तर हा कार्यक्रम अत्यंत गंभीरपणे केला जातो. हजेरी असते, शिट्टी असते, गणवेशाची टोपी असते. उशिरा येऊन एकदम मोठ्याने हसणाऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं जातं. ‘सिंहमुद्रा’ नावाचा हास्यप्रकार करताना जिभा बाहेर काढलेले माजी शाखाधिकारी आणि माजी मुख्याध्यापिका समोरासमोर येतात, तेव्हा मात्र आणलेलं हसू केव्हा खरं झालं ते त्यांनाही कळत नाही. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो: घरी आरशासमोर हेच करून पाहिलं तर हसू येत नाही, स्वतःची काळजी वाटते. समोर कोणीतरी लागतंच.

आता शिव्यांकडे वळू. विषय नाजूक आहे, पण संशोधन पक्कं आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरायला सांगितला. एकदा त्यांनी आवडीची शिवी घोकायची, एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा शब्द घोकायचा. शिवी घोकताना हात जास्त वेळ टिकला आणि दुखलंही कमी. बरोबरच आहे. बर्फात हात घालून ‘लाकडी! लाकडी!’ असं ओरडून पाहा, कितीसा आधार वाटतो. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं आणि पुढल्या वर्षी त्याला इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं, तेही शांततेचं. त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट शोधली. जे एरवी ऊठसूट शिव्या देतात त्यांना ऐन वेळी शिवीचा तितका गुण येत नाही. म्हणजे शिवी जपून वापरायची. काहीजण ती इतकी जपतात की ‘अहो, आपण गाढव आहात का?’ अशी आदरार्थी बहुवचनात देतात. अशा शिवीने देणाऱ्याचं दुखणं निम्मंच कमी होत असावं. बाकीचं निम्मं व्याकरण सांभाळण्यात जातं.

कीलच्या कितीतरी आधी हा प्रयोग सातारा जिल्ह्यात यशस्वी झालेला आहे. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर जमतात आणि पलीकडच्या बायकांना हातवारे करून शिव्यांची लाखोली वाहतात. याला बोरीचा बार म्हणतात. वाद्यं वाजत असतात, बघायला पंचक्रोशी लोटलेली असते आणि कोणी ओढा ओलांडून जाऊ नये म्हणून मध्ये पोलीस उभे असतात. त्या पोलिसांचा विचार मनात येतो. दोन्ही बाजूंनी चाललेला तो मारा त्यांच्या डोक्यावरून जाणार, आणि त्यांनी स्वतः एक शब्द उच्चारायचा नाही. त्या दिवशी तालुक्यातला सगळा तणाव त्या खाकी कपड्यांत गोळा होत असणार. बायकांचं काय? वर्षभर सासर, शेत, पाणी, उधारी, जावा, भावकी, ज्यांना बोलता आलं नाही त्या सगळ्यांचं उट्टं पलीकडच्या काठावरच्या एका अनोळखी बाईवर निघतं, आणि तिचं हिच्यावर. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. बार संपला की घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं. वर्षातून एकदाच असल्यामुळे गुण टिकून राहतो, हेही स्टीफन्ससाहेबांच्या निष्कर्षाला धरूनच आहे.

शिमग्याची बोंब याच घराण्यातली. तिला शास्त्र आहे: पोटातून आवाज, तोंडावर उलटा हात, आणि लाज घरी ठेवलेली. मोठ्या आवाजात बोंब मारायची म्हणजे श्वास आपोआप लांब सुटतो, ते वेगळं शिकवावं लागत नाही. शहरातल्या होळीला आता बोंब नसते, डीजे असतो. डीजेने बोंब मारायची आणि माणसांनी ती सहन करायची. कवित्व तेवढं उरलं आहे, ते फोनवरच्या गटांत बाराही महिने चालतं. पण अंगठ्याने मारलेल्या बोंबेने छाती मोकळी होत नाही.

ज्यांना बोंब मारायची मुभा नव्हती त्यांनी जातं गाठलं. पहाटे जात्यावर बसून बायकांनी म्हटलेल्या ओव्या गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून, सहकाऱ्यांना घेऊन गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. एक लाख ओव्या म्हणजे दळण किती आणि सांगायचं किती साठलेलं होतं याचा हिशोब करावा. त्यांत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि सासरही आहे. ही सोय मोठी बेरकी होती. बोलायचं जात्याशी. ऐकायचं पलीकडे अंथरुणात पडलेल्या सासूने. ओवीत मध्येच विठोबाचं नाव आलेलं असल्यामुळे तिला हरकत घेता यायची नाही, आणि पीठ तर तिलाही हवंच. मग विजेची गिरण आली. दळणाचे कष्ट गेले, फार चांगलं झालं, त्याबद्दल उमाळे काढण्यात अर्थ नाही. ज्यांना जात्याचे दिवस सोन्याचे वाटतात त्यांनी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी आणि मग बोलावं. पण गिरणीच्या आवाजात सांगायचं कोणाला, हा प्रश्न राहिलाच.

त्याचं उत्तर मुंबईने लोकलच्या बायकांच्या डब्यात शोधलं. कर्जत-कसाऱ्याकडून निघालेल्या गाडीत भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवण होतं, आणि ऑफिसातल्या साहेबाचा विषय दादर येईपर्यंत सोलून, चिरून, शिजवून तयार असतो. तिकडे पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळ. टाळ खिशातून निघतात, पखवाज म्हणून डब्याचा पत्रा चालतो. गर्दीत एक पाय आपला, एक दुसऱ्याचा; उतरल्यावर कापला जाणारा पगार दिसतो आहे; आणि तशात चाळीस माणसं गळ्याच्या शिरा ताणून गजर करतात. ज्यांना त्या डब्यात पेपर वाचायचा असतो किंवा डुलकी काढायची असते, त्यांचं या साधनेबद्दलचं मत वेगळं असतं आणि ते रेल्वेकडे लेखी पोचतं.

लेखी हाही उपायच. १९८६ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं दुःख कागदावर उतरवायला लावलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहाराने किती रक्तदाब आटोक्यात ठेवले असतील, ते कोणी मोजलेलं नाही. आता पत्रं कमी झाली, पण सोसायटीचा फलक आहे. ‘काही सभासद हेतुपुरस्सर गॅलरीतील कुंड्यांना नको तेवढे पाणी घालतात’ अशी सूचना लावून आलेला माणूस त्या रात्री गाढ झोपतो. कुंड्यावाले मात्र जागे असतात. ते मजकूर जुळवत असतात.

फुकट उपायांची खरी गोम ही आहे. माझा तणाव गेला की तो शेजाऱ्याकडे जातो, शेजाऱ्याचा पोलिसाकडे. न थकता ऐकून घेईल आणि उलट पाठवणार नाही असा कोणीतरी शेवटी हवा. कोकणाने तो शोधलेला आहे. तिथे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकर नारळ पुढे ठेवतो, हात जोडतो आणि तुमचं दुखणं खणखणीत आवाजात, सगळ्या गावासमक्ष, मालवणीत देवाच्या कानी घालतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गोपनीयता हा प्रकार नाही. सल्लाही नाही. देव काही बोलत नाही आणि गावाला ‘व्हय’खेरीज काही बोलायची परवानगी नाही, त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायला कोणाला जागाच उरत नाही.

एका जत्रेत गर्दीत उभा होतो. गाऱ्हाणं रंगात आलं होतं. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, पोराबाळांची राखण झाली. तेवढ्यात ठाण्याहून आलेला एक गृहस्थ पुढे सरकला आणि गावकराच्या कानाशी लागला. गावकराने मान डोलावली.

‘बा देवा म्हाराजा! ठाण्यासून इल्ल्या ह्या तुझ्या लेकराक हापिसात सायब लय तरास देता. त्या सायबाक चांगली बुद्धी दी म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि बदली होवची आसात तर ती सायबाचीच होवंदे, ह्याची नको म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

गृहस्थ पुन्हा कानाशी लागला. यावेळी बराच वेळ. गावकराच्या कपाळावर आठी आली. विषय नवा होता. त्याने घसा खाकरला.

‘ह्येच्या बिल्डिंगीत ह्येची गाडी लावूची जागा आसा, आणि त्या जाग्यार दुसरोच कोण येवन आपली गाडी लावता म्हाराजा…’ इथे तो थांबला, हात जोडलेले तसेच ठेवून मान वळवली आणि हळूच विचारलं, ‘गाडी खंयची?’

‘पांढरी,’ गृहस्थ म्हणाला.

‘त्या पांढऱ्या गाडयेवाल्याक तुझ्या पायाखाली घाल म्हाराजा!’

आणि ज्यांनी जन्मात ठाणं पाहिलेलं नव्हतं अशा सगळ्या गावाने, बायकापोरांसकट, देवळाची कौलं हलतील एवढ्या जोरात आवाज दिला, ‘व्हय म्हाराजा!’